रस्त्यावरचा संताप आंधळा नसतो

पतियाळा शहरात २७ डिसेंबर १९८८ रोजी जे घडले त्याचा अखेरचा निकाल लागावयास ३३ वर्षांहून अधिक काळ गेला. तेथील शेरांवाला गेट चौकाजवळ एक जिप्सी मोटार रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागून मारुती मोटारीतून ६५ वर्षांचे एक गृहस्थ दोघा सोबत्यांसह बँकेकडे निघाले होते. त्यांनी जिप्सी बाजूस घेण्यास सांगितले. शब्दाने शब्द वाढला, वृद्ध गृहस्थांना गाडीबाहेर ओढून मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. जिप्सीतील दोघांपैकी एक होते भारतीय संघाचे क्रिकेटपटू आणि पुढे खासदार व मंत्री झालेले नवज्योतसिंग सिद्धू. सत्र न्यायालयाने १९९९ साली त्यांची निर्दोष मुक्तता केली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००६ साली सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये ती रद्द करून साध्या दुखापतीच्या कलमाखाली एक हजार रुपये दंड केला. मृताच्या कुटुंबीयांनी फेरविचाराचा अर्ज केला, तेव्हा त्याच न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी त्याच कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. धट्ट्याकट्ट्या माणसाचा हात हेही एक शस्त्र ठरू शकते, असा त्या निकालाचा आशय होता.

रस्त्यातली गाडी बाजूला घ्या, एवढ्या एका वाक्यातून हे सारे उद्भवले. ते वाक्य उच्चारणाऱ्याची काहीही चूक नव्हती. न्याय मिळालाच नाही असे म्हणता येणार नाही. पण तो मिळेपर्यंत एका पिढीचे शाळेपासून निवृत्तीपर्यंतचे अर्धे आयुष्य सरते. शिवाय ज्या कुटुंबाने इतकी वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तेवढी चिकाटी आणि तेवढा पैसा किती कुटुंबांजवळ असतो, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर या प्रकरणाची लहान भावंडे रोज आढळतात. त्यांचे मथळेही ठरून गेले आहेत : ‘कट मारल्याच्या कारणावरून मारहाण’, ‘हॉर्न वाजवल्याचा राग’, ‘साइड न दिल्याने हमरीतुमरी’. बहुतेक बातम्या चार ओळींत संपतात. क्वचित एखादीच पहिल्या पानावर येते. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील पाषाण-बाणेर जोडरस्त्यावर दोन मुलांना घेऊन स्कूटरवरून जाणाऱ्या एका महिलेस मोटारचालकाने पुढे जाऊन अडविले आणि तिच्या तोंडावर ठोसे मारले. तिने वेळेवर वाट दिली नाही, हा त्याच्या लेखी तिचा अपराध. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत मालाड येथे रिक्षा पुढे काढण्यावरून वाद झाला. जमलेल्या टोळक्याने एका तरुणाला इतके मारले की तो दगावला. मार चुकविण्यासाठी त्याची आई त्याच्या अंगावर आडवी पडली होती.

अशा घटनांनंतर जी कारणमीमांसा होते तीही ठरीव झाली आहे. वाहने वाढली, रस्ते तेवढेच राहिले. खड्डे आहेत, खोदकाम आहे, ऊन आहे. माणसे थकलेली आहेत, कामावर पोहोचण्याची घाई आहे. त्यामुळे डोके तापते आणि रागाच्या भरात माणसाचा तोल जातो. यात खोटे काही नाही. ज्या पुण्याची एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती होती, तेथे आज दोन किलोमीटर अंतर कापण्यास अर्धा तास लागत असेल, तर त्या अर्ध्या तासात कोणाचे मन प्रसन्न राहील? तथापि ही मीमांसा एका गृहीतावर उभी आहे आणि ते गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. संताप आंधळा असतो, तो कोणावर कोसळेल याचा नेम नसतो, असे ते गृहीत होय.

अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील काही चौकांत त्यांनी असे केले : सिग्नल हिरवा झाला तरी सर्वांत पुढची मोटार मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा चालक कर्णा कधी वाजवतो ते मोजायचे. पुढची मोटार कधी नवी, चकचकीत, श्रीमंती थाटाची असे. कधी जुनी आणि कळकट. अडथळा तोच, खोळंबा तेवढाच. पण महागड्या मोटारीमागे उभ्या असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच कर्णा वाजविला, तर जुन्या गाडीमागील शंभरातील चौऱ्याऐंशी जणांनी वाजविला. दोघांनी तर जुन्या गाडीला मागून चक्क धक्का दिला. याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. विद्यार्थ्यांना हाच प्रसंग कागदावर देऊन तुम्ही काय कराल असे विचारले असता, त्यांतील मुलग्यांनी नेमके उलटे उत्तर दिले. श्रीमंताच्या गाडीला आपण अधिक लवकर कर्णा वाजवू, असे त्यांचे म्हणणे होते. माणूस स्वतःच्या रागाविषयी जे मानतो आणि त्याचा राग प्रत्यक्षात जे करतो, त्यांत एवढे अंतर असते.

हा प्रयोग परक्या देशातला आणि जुना असला तरी त्याचा पडताळा पाहण्यास दूर जावे लागत नाही. एस. टी.ची गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली तर स्कूटरवाला फार तर मनातल्या मनात चार शब्द बोलतो. तोच सायकलवाला मध्ये आला की त्याचा उद्धार मोठ्याने होतो. मोठी मोटार दुचाकीस दम देते, दुचाकी पादचाऱ्यास दम देते आणि पादचाऱ्यास दम देण्याजोगे कोणी उरलेले नसते. चालक काच खाली करण्यापूर्वी समोरच्याची गाडी पाहतो, वय पाहतो, सोबत कोण आहे ते पाहतो आणि मग किती रागवावयाचे ते ठरवतो. हे सारे क्षणार्धात होते म्हणून त्याला भान सुटणे म्हणतात. क्रमांकाच्या पाटीवरील आकड्यांना वळण देऊन ‘दादा’ किंवा ‘बॉस’ अशी अक्षरे उमटविण्याची हौस महाराष्ट्रात फार. ती केवळ हौस नव्हे. समोरच्याने हा हिशेब आधीच करून घ्यावा, यासाठी लावलेली ती सूचना असते. काचेवर ठळकपणे मिरविणाऱ्या ‘पोलीस’, ‘प्रेस’ या अक्षरांचेही काम तेच. मालाडसारख्या घटनेत मारणारे धनवान नव्हते हे खरे. पण तेथे बळ संख्येचे होते. एकटा असताना ज्याने रिक्षा मुकाट पुढे काढली असती, तो दहा जण जमल्यावर वीर झाला.

मग प्रश्न उतावीळपणाचा कमी आणि हिशेबाचा अधिक ठरतो. समोरचा आपले काही वाकडे करू शकणार नाही, आणि समोरच्याच्या वतीने दुसरेही कोणी करणार नाही, या दोन खात्र्यांवर रस्त्यावरची अरेरावी पोसली जाते. यांपैकी पहिली खात्री माणसाच्या स्वभावातून आणि समाजातील उतरंडीतून येते. तिला उपाय सोपा नाही. दुसरी मात्र सरकारी कामकाजातून येते.

ती कशी येते हे पाहावयाचे तर कायद्याच्या पुस्तकात थोडे डोकावणे भाग आहे. बेदरकार वाहन चालविण्याबद्दल १८६० च्या भारतीय दंड संहितेने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड ठरविला. त्या काळी एक हजार रुपये ही जन्माची कमाई होती. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक २७९ चा २८१ झाला, पण दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपयेच राहिली. एवढ्यात आज मध्यम उपाहारगृहात चौघांचे जेवणही धड होत नाही. हयगयीने मृत्यू घडविण्याचे कलम १८७० साली घालण्यात आले. त्याखालील दोन वर्षांच्या कैदेची मर्यादा दीडशे वर्षांनंतर आता पाच वर्षांवर गेली आहे.

पण सामान्य माणसाचा संबंध याहून खालच्या पायरीशी येतो. समजा, एखाद्या कारकुनाला चौकात कोणी थोबाडीत मारली. हाड मोडले नाही, रक्त फारसे आले नाही. तो पोलीस ठाण्यात जातो. साधी दुखापत हा गुन्हा जुन्या संहितेतही अदखलपात्र होता, नव्यातही आहे. म्हणजे पोलीस त्याची नोंद करून घेतात, ‘एन. सी.’ या नावाने परिचित असलेली एक चिठ्ठी त्याच्या हाती देतात आणि न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही असे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. कायदाच तसा आहे. पतियाळाच्या खटल्यात शेवटी उरले ते कलमही साध्या दुखापतीचेच होते आणि २०२२ साली झालेली एक वर्षाची कैद ही त्याखालील कमाल शिक्षा होती. तेथे माणूस मेलेला होता. येथे केवळ एका कारकुनाचा अपमान झालेला आहे. त्याची अर्ध्या दिवसाची रजा खर्ची पडते, चिठ्ठी खिशात घडी होऊन राहते, आणि पुढच्या वेळी तो ठाण्यात जात नाही. मारणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

वास्तविक बेदरकारपणे वाहन चालविणे हा गुन्हा दखलपात्र आहे. आधी कट मारून आडवे येणे आणि मग हात उगारणे असे घडले असेल, तर पोलिसांना पहिल्या भागाची दखल स्वतःहून घेता येते. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली सिग्नल तोडणे, वाहतुकीच्या उलट दिशेने येणे, हाती फोन धरून चालविणे हे सारे धोकादायक चालविणे ठरते आणि त्यास कैदेचीही तरतूद आहे. परंतु व्यवहारात रस्त्यावरील भांडण म्हटले की ते दोघांचे खासगी समजले जाते. ‘मिटवून घ्या’ हा सल्ला मिळतो. मांडवली होते. मिटवून घेण्यात नेहमी दुबळ्याचेच अधिक मिटते, हे सांगावयास नको.

दंड वाढविले की वचक बसेल, हा विचार २०१९ च्या दुरुस्तीमागे होता. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात वाढीव दंड लागू झाले. महाराष्ट्र सरकारने विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याने ते लांबविले आणि प्रत्यक्ष अंमल डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे आले, फोनवर चलनाचे संदेश येऊ लागले. या व्यवस्थेचा उपयोग नाही असे नव्हे. पण तिला दिसते ते डोक्यावरचे शिरस्त्राण आणि पांढरी रेघ. मागून येऊन दिव्यांचा झोत डोळ्यांवर मारणारा, चार बोटांवरून गाडी घासत नेणारा, पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक मारणारा तिला सहसा दिसत नाही. शिवाय पैशाचा दंड ज्याला जाणवतो तो पगारदार आणि ज्याला जाणवत नाही तोच बहुधा शिरजोर. न भरलेल्या चलनांची रक्कम राज्यात कोट्यवधींच्या घरात साचली आहे.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना ठार केले, तेव्हा या दुसऱ्या खात्रीचे दर्शन साऱ्या देशास घडले. मोटार चालविणारा १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्यास जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. लोकक्षोभ उसळल्यावर तो निर्णय बदलला. पाठोपाठ रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु निबंधाचा जो उपहास झाला तो त्या मुलाच्या वयाचा नव्हता. अल्पवयीनास सुधारण्याची संधी मिळावी हे तत्त्व योग्यच आहे. उपहास होता तो ज्या तत्परतेने ही सवलत सुचली तिचा.

या अविश्वासाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद नव्या संहितेच्या १०६ व्या कलमात होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या प्रारंभी मालमोटारींच्या चालकांनी देशभर चाके थांबविली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला ते उपकलम स्थगित ठेवावे लागले. संहिता लागू झाली ती त्याच्याविना. चालकांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, चूक कोणाची हे कोणी विचारत नाही, मोठ्या वाहनाचा चालक तो दोषी असे धरले जाते, असे ते म्हणत होते. जखमीस मदत करणे हे मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. पण जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, हा अपवादही त्याच कायद्यात घातलेला आहे. म्हणजे जमाव चालकास मारील ही शक्यता खुद्द कायदेमंडळाने गृहीत धरली. चालक पळतो कारण जमावाचे भय. जमाव मारतो कारण चालक सुटून जाईल ही खात्री. दोघांचाही तिसऱ्यावर, निवाडा करणाऱ्यावर, भरवसा नाही.

अशा स्थितीत शाळेत निघालेल्या शिक्षकाने किंवा महाविद्यालयात निघालेल्या विद्यार्थिनीने त्या क्षणी काय करावे? उत्तर कडू आहे, पण एकच आहे. उत्तर देऊ नये. मागच्यास पुढे जाऊ द्यावे. त्याने गाडी आडवी घातली तर खाली उतरू नये; काच लावलेली, दार बंद. दुचाकीवर असल्यास गर्दीच्या ठिकाणी, दुकानासमोर, पेट्रोल पंपावर थांबावे. पाठलाग होत असेल तर घराचा रस्ता धरू नये, पोलीस चौकीचा धरावा. ११२ हा क्रमांक लावावा. वाहनाचा क्रमांक, वेळ, ठिकाण लगेच लिहून ठेवावे, कारण तासाभराने स्मरण दगा देते. पाहणाऱ्यांनीही नुसते चित्रण करीत उभे राहू नये. चौघांनी जवळ जाऊन उभे राहण्याने पुष्कळदा हात खाली येतो, कारण मारणाऱ्याचा हिशेब चुकतो. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागू नये, यासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यास कायद्याचा आधारही मिळाला आहे.

हा सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो पुरेसा मानणे अन्यायाचे होईल. जो नियम पाळतो त्यानेच वाट द्यावयाची, त्यानेच अपमान गिळावयाचा, आणि हे रोज. अशा गिळलेल्या अपमानाचे काय होते? तो घरी मुलांवर निघतो, किंवा कधीतरी तोच शिक्षक चौकात उतरून एखाद्या रिक्षावाल्याची कॉलर धरतो आणि स्वतःच चार ओळींच्या बातमीचा विषय होतो. गाऱ्हाणे सोपविण्यास कोणीतरी असेल, तरच माणूस ते स्वतःपाशी न ठेवता पुढे जाऊ शकतो. मनावर ताबा ठेवा असे फलक चौकात लावणे सोपे आहे. त्या चौकातील तक्रारीचे पुढे काय झाले हे तक्रारदारास कळविणे अवघड आहे आणि तेच होत नाही.

आणि हे प्रकरण केवळ मानापमानाचे नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १५,२२४ महाराष्ट्रात. शेकडा ७० हून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले गेले. मृतांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे आणि जवळजवळ एकपंचमांश पादचारी होते. आज जो कट मारून आणि शिवी देऊन जातो, तोच उद्या या आकड्यांत भर घालण्याची शक्यता अधिक. पण त्याची आजची कृती कोठेच मोजली जात नाही. रस्त्यावरील संताप या नावाचा वेगळा गुन्हाच दंडविधानात नसल्याने ही भांडणे कधी मारहाण, कधी दंगा, कधी खून अशा निरनिराळ्या सदरांत विखुरली जातात.

शिक्षा जबर करावी अशी मागणी अशा वेळी होते. ती समजण्यासारखी असली तरी उपयोगाची कमी. जबर शिक्षा वर्षानुवर्षे लांबते आणि चांगल्या वकिलापुढे वाकते. धनवान असो वा गरीब, ज्याची भीती दोघांना सारखी वाटते अशी एकच वस्तू आहे. ती म्हणजे परवाना जाणे. ब्रिटनमध्ये चालकाच्या नावे अपराधागणिक गुण चढतात आणि तीन वर्षांत बारा गुण झाले की सर्वसाधारणपणे किमान सहा महिने गाडी चालविण्याचा अधिकार जातो. आपल्याकडे अधिकारच नाहीत असे नव्हे. ज्याचे पूर्वीचे वर्तन पाहता त्याचे वाहन चालविणे लोकांस धोक्याचे आहे, अशा चालकास अपात्र ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमाने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास दिला आहे. मात्र त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना असेही बजावले की अतिवेग, सिग्नल तोडणे, मद्यपान, फोनवर बोलणे अशा अपराधांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा.

अडते ते दोन कार्यालयांच्या मध्ये. पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंदीत वाहनाचा क्रमांक असतो, पण ती नोंद परिवहन कार्यालयापर्यंत जात नाही. परिवहन कार्यालयाजवळ परवाना थांबविण्याचा अधिकार असतो, पण त्याला त्या चालकाचे पूर्वीचे वर्तन ठाऊक नसते. रस्त्यावरील प्रत्येक भांडणाची नोंद करताना ‘रस्त्यावरील वाद’ असा शेरा मारावा, महिन्याच्या अखेरीस अशा नोंदी वाहन क्रमांकांसह परिवहन कार्यालयाकडे धाडाव्यात, त्या वेळी गाडी कोण चालवीत होते ते मालकाकडून लेखी घ्यावे, आणि एकच नाव तिसऱ्यांदा आले की त्या चालकास १९ व्या कलमाखाली नोटीस काढावी. तक्रारदारास त्या नोटिशीची प्रत मिळावी. यांतील कोणतीही गोष्ट संसदेकडे नेण्याची गरज नाही. एखाद्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि प्रादेशिक परिवहन अधिकारी यांनी मनावर घेतल्यास येत्या महिन्यापासूनही सुरुवात होऊ शकते.